कंपनीची नको, आपली रिकव्हरी हवी

प्रश्न: ताई, नमस्कार. मिरजेत माझं लग्नपत्रिका आणि हँडबिलांचं डीटीपीचं दुकान आहे. लॅपटॉप २०१९ साली घेतलेला. मागच्या महिन्यात तो सुरूच होईना, म्हणून दुरुस्तीवाल्याने कंपनीच्या रिकव्हरीने तो पूर्ववत करून दिला. पूर्ववत म्हणजे थेट २०१९चा. पेजमेकर गेलं, श्रीलिपीचे फाँट गेले, दोन्ही प्रिंटर गेले. पेजमेकरची सीडी सापडली, पण लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. ऐन लग्नसराईत तीन दिवस दुकान बसून होतं. मी लावून घेतलेलं सगळं जसंच्या तसं परत आणणारं माझं स्वतःचं रिकव्हरी पार्टिशन करता येईल का? एका जुन्या पुस्तकात 'रेसिमग' नावाची आज्ञा वाचली, पण ती चालत नाही.
— डीटीपी व्यावसायिक, मिरज

उत्तर: दादा, करता येतं, आणि तुमच्या धंद्यात ते केलंच पाहिजे. माझंही दुकान डीटीपीचं आणि संगणकदुरुस्तीचं, चिपळूणच्या बाजारपेठेत. लग्नसराईत मशीन बंद पडणं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको.

आधी 'रेसिमग'. ती आज्ञा विंडोज ८ मध्ये होती. विंडोज १० आल्यावर मायक्रोसॉफ्टने ती काढून टाकली. १० आणि ११ मधलं 'रीसेट धिस पीसी' आपल्या कोणत्याही नकलेकडे पाहत नाही. ते विंडोजच्याच फोल्डरमधल्या फाइलींतून नवं कोरं विंडोज उभारतं, नाहीतर इंटरनेटवरून काही जीबी उतरवून घेतं. कंपनीच्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या राखलेल्या कप्प्यात, असते ती कारखान्यातून निघालेल्या दिवसाची नक्कल. तुमचे फाँट या दोन्हींत कुठेच नसतात. म्हणून ही बटणं विसरायची आणि आपल्या सी ड्राइव्हची आपण नक्कल करून ठेवायची. ती ठेवायला एक वेगळं पार्टिशन, आणि नक्कल करायला विंडोजबरोबर फुकट येणारं एक साधन: डिझम. स्पेलिंग डी, आय, एस, एम. या सदरात आज्ञा देवनागरीत छापल्या जातात, टाइप करताना मात्र इंग्रजी स्पेलिंगच वापरायचं.

घाई करू नका. नक्कल कोणत्या दिवसाची घ्यायची, हा यातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय. मळकं मशीन साठवलंत तर मळकंच परत मिळेल. विंडोजचे अपडेट पुरे झालेत, दोन्ही प्रिंटरवर चाचणीचं पान निघालंय, पेजमेकर उघडून एक पत्रिका छापून पाहिलीय, जोडाक्षरं नीट उमटतायत, असा दिवस निवडा. आणि ग्राहकांचं काम सी ड्राइव्हवरून हलवा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही फोल्डर सी वरच असतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नक्कल परत टाकली की त्या तारखेनंतर सी वर आलेलं सगळं जातं. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, असं करून तो फोल्डर डी ड्राइव्हवर न्या. डेस्कटॉपचंही तसंच.

आता जागा. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी वर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' घ्या. माझ्या दुकानातल्या मशीनवर विंडोज, पेजमेकर, कोरल आणि फाँट मिळून बावन्न जीबी भरलेत. त्याची नक्कल दाबून चोवीस जीबीत बसली. मी पार्टिशन साठ जीबीचं ठेवलं, कारण पुढच्या नकलाही त्यातच ठेवायच्या होत्या. कधीकधी सी मध्ये दोनशे जीबी मोकळे असूनही विंडोज दहाच जीबी सोडायला तयार होतं. मधे कुठेतरी न हलणारी फाइल बसलेली असते. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोर तात्पुरते बंद करून मशीन पुन्हा सुरू केलं की बहुधा जागा सुटते. त्या जागेत नवं एनटीएफएस पार्टिशन करा, त्याला ओळखू येईल असं नाव द्या आणि आर हे अक्षर द्या.

यापुढचं काम विंडोज चालू असताना होत नाही, कारण चालू विंडोजच्या फाइली कुलूपबंद असतात. शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करा. निळा पडदा आला की ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. हे विंडोजचं छोटं दुरुस्तीघर. ते रॅममधून चालतं, म्हणून सी मोकळा राहतो. मशीनला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, असेल तर इथे ४८ आकडी किल्ली मागेल. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या नव्या लॅपटॉपवर मालकाला पत्ता नसताना कुलूप लागलेलं असतं, आणि अशा वेळी किल्ली त्या खात्यातच सापडते.

दुरुस्तीघरात शिरल्यावर कसलीही आज्ञा देण्याआधी 'डिस्कपार्ट' आणि मग 'लिस्ट व्हॉल्यूम' टाइप करा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. तुमचा सी इथे डी म्हणून दिसेल, आर कदाचित ई असेल. अक्षरावर विश्वास ठेवू नका. आकार पाहा, पार्टिशनला दिलेलं नाव पाहा, 'डिर' करून आत विंडोजचं फोल्डर आहे का पाहा. २०१७ मध्ये एका ग्राहकाच्या मशीनवर मी हे न पाहता सी समजून फॉरमॅट मारला. तो त्यांचा डी होता. त्यांच्या मुलीचे लहानपणापासूनचे फोटो त्यात होते. आठ दिवस खपून बरेचसे परत मिळवले, सगळे नाही मिळाले. त्या माउली मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि तेच माझ्या मनातून अजून जात नाही. तेव्हापासून मी अक्षरं कागदावर लिहून काढते आणि मगच कीबोर्डला हात लावते.

अक्षरं नक्की झाली की आज्ञा अशी: डिझम /कॅप्चर-इमेज /इमेजफाइल:आर:\दुकान.विम /कॅप्चरडिर:सी:\ /नेम:"दुकान" /कॉम्प्रेस:मॅक्स /चेकइंटिग्रिटी. फाइलचं आणि नकलेचं नाव तुमच्या मनाचं, तेही इंग्रजी अक्षरांत. माझ्या मशीनला यासाठी पाऊण तास लागला. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल असला भार डिझम आपोआप वगळतं. विंडोजमध्ये परत आल्यावर डिस्क मॅनेजमेंटमधून त्या पार्टिशनचं अक्षर काढून टाका, म्हणजे दुकानातल्या पोराचा चुकून हात लागणार नाही. कंपन्या आपल्या पार्टिशनवर जो खास रिकव्हरीचा शिक्का मारतात, तो मी मारत नाही. अक्षर नसलं तरी माझं काम भागतं, आणि पुढे डागडुजी सोपी जाते.

सहा महिन्यांनी नवा प्रिंटर आला, नवे फाँट आले, तर सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. कॅप्चरच्या जागी /अपेंड-इमेज दिलं की त्याच फाइलमध्ये दुसरी नक्कल जोडली जाते, आणि जे बदललंय तेवढ्याचीच जागा लागते. पहिली नक्कलही शाबूत राहते. दुसरी बिघडलेली निघाली तर पहिलीवर जाता येतं.

परत टाकायची वेळ आली की पुन्हा त्याच दुरुस्तीघरात या. विंडोज सुरूच होत नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून सुरू करून शिफ्ट आणि एफ१० दाबा, तोच काळा पडदा येतो. हा पेनड्राइव्ह आजच करून ठेवा, आठ जीबीचा पुरतो. अक्षरं पुन्हा तपासा. आर दिसत नसेल तर डिस्कपार्टमधूनच त्याला अक्षर द्या. सी झटपट फॉरमॅट करा, मग डिझम /अप्लाय-इमेज, इमेजफाइल तीच, /इंडेक्स:१, /अप्लायडिर:सी:\. हे झाल्यावर मशीनला विंडोज कुठे आहे ते सांगावं लागतं. डिस्कपार्टमध्ये शंभर-दोनशे एमबीचं फॅट३२ पार्टिशन शोधून त्याला एस अक्षर द्या आणि बाहेर येऊन बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय ही आज्ञा द्या. मशीन सुरू करा. शेवटी विंडोजमध्ये 'रीएजंटसी /इन्फो' देऊन दुरुस्तीघर चालू आहे ना, तेवढं बघा. बंद असेल तर 'रीएजंटसी /इनेबल'.

आता माझं कळकळीचं सांगणं. नक्कल घेतल्याच्या आठवड्यातच ती एकदा परत टाकून पाहा. आधी नकलेची विम फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग एखादी जुनी पण धड डिस्क लॅपटॉपच्या डिस्कच्या जागी लावा, इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, नव्या डिस्कवर पार्टिशनं पाडून नक्कल उतरवा, मशीन उठतं का आणि पेजमेकरमधून पत्रिका निघते का ते बघा. माझ्याकडे कितीतरी लोक येतात. रिकव्हरी केलेली आहे म्हणतात, आणि नेमक्या गरजेच्या दिवशी फाइल अर्धवट निघते किंवा बिटलॉकरची किल्ली नसते.

आणि ती विम फाइल त्याच लॅपटॉपमध्ये एकटी ठेवू नका. पार्टिशन विंडोजच्या बिघाडापासून वाचवतं, डिस्कच्या मरणापासून नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या दुकानात ते माळ्याला टेकलं होतं. मशीन गेलं, डिस्क गेली, डिस्कवरचं माझं लाडकं रिकव्हरी पार्टिशनही गेलं. त्या फाइलची एक प्रत मात्र आईकडे गुहागरला कपाटात होती, जुन्या एक्स्टर्नल डिस्कवर. चिखल काढून झाल्यावर एक वापरलेला संगणक आणला. बायॉस आणि यूईएफआय या मशीन सुरू होण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती. बुडालेलं मशीन जुन्या बायॉसचं होतं, हे नवं यूईएफआयचं. विम फाइलमध्ये डिस्कचा साचा साठत नाही, फाइली साठतात. त्यामुळे नव्या पद्धतीने पार्टिशनं पाडून तीच नक्कल उतरवता आली, फक्त शेवटची बीसीडीबूट यूईएफआयसाठी द्यावी लागली. पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागला, ड्रायव्हर घालावे लागले, विंडोजचं ॲक्टिव्हेशन पुन्हा करावं लागलं. पण माझे फाँट, माझे साचे, बारा वर्षांत जमवलेल्या बॉर्डरी जागेवर होत्या. त्या दिवशी दुकानात बसायला खुर्ची नव्हती, मी उभ्यानेच पहिली पत्रिका जुळवली.

तुमच्याकडे फाँटच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागणारी छोटी किल्ली, असेल तर तोही जपा. डोंगलची नक्कल विम फाइलमध्ये येत नाही.

प्रश्न: विंडोज १० चा एक अपडेट वर्षानुवर्षं लागत नाही. दर वेळी ०एक्स८००७०६४३ असा आकडा येतो. कुणी म्हणतं व्हायरस, कुणी म्हणतं डिस्क खराब. कुणाचं ऐकू?
— वाचक, डोंबिवली

उत्तर: दोन्ही नाही. तुमच्या यादीत केबी ५०३४४४१ असा क्रमांक दिसत असेल. हा अपडेट जानेवारी २०२४ मध्ये आला. वर ज्या दुरुस्तीघराबद्दल लिहिलं, त्याच्यातून शिरून बिटलॉकरचं कुलूप चुकवता येईल अशी एक फट होती, ती तो बुजवतो. त्यासाठी रिकव्हरी पार्टिशनमध्ये अडीचशे एमबी मोकळी जागा लागते. जुन्या मशीनवर ते पार्टिशन सगळं मिळून पाचशे एमबीच्या आसपास असतं आणि गच्च भरलेलं असतं. म्हणून अपडेट अडतो, आणि संदेशात कारण नीट सांगितलेलं नसल्याने माणूस घाबरतो.

तुम्ही बिटलॉकर वापरत नसाल तर या फटीपासून तुमचं काही बिघडत नाही, आकडा दिसला तरी झोप उडवून घेऊ नका. वापरत असाल तर मायक्रोसॉफ्टची सांगितलेली रीत अशी: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'रीएजंटसी /डिसेबल' द्या, सी अडीचशे एमबीने आकसा, रिकव्हरी पार्टिशन काढून वाढीव आकाराचं नवं करा, मग 'रीएजंटसी /इनेबल'. डिसेबल केल्यावर दुरुस्तीघराची फाइल विंडोज, सिस्टिम३२, रिकव्हरी या फोल्डरमध्ये परत येते. ती तिथे आल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पार्टिशन काढू नका. फाइल लपवलेली असते, त्यामुळे 'डिर /ए' करून बघा. आणि विंडोज १० ला मोफत अपडेट देण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे. मशीन ११ ला चालत असेल तर हीच मेहनत तिकडे घाला.

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झालो. सी ड्राइव्ह भरत आलाय. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षर नसलेलं १४ जीबीचं कंपनीचं पार्टिशन दिसतं. ते उडवून जागा मोकळी करू का?
— ज्येष्ठ वाचक, ठाणे

उत्तर: काका, माझं मत विचाराल तर राहू द्या. चौदा जीबी मिळतील, पण ते सी च्या लगेच उजवीकडे नसेल तर ती जागा सी ला जोडताच येणार नाही. आधी डिस्क क्लीनअपमधून जुन्या विंडोजचं फोल्डर आणि अपडेटचा कचरा काढून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यातच वीस जीबी सुटतात.

तरी काढायचंच असेल तर आधी 'क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह' वापरून बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. सिस्टिम फाइलींच्या चौकटीत खूण हवी, आणि पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा. शेजारी शंभर-दोनशे एमबीचं ईएफआय पार्टिशन दिसेल. त्याला हात लावू नका, त्याच्याशिवाय मशीन उठणार नाही. डिस्कपार्टमध्ये पार्टिशन काढायचं काम मुलाला किंवा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला शेजारी बसवून करा.

प्रश्न: ताई, मी माध्यमिक शाळेत संगणक शिकवते. आमच्या खोलीत एकाच बनावटीचे अठरा संगणक आहेत. मुलं शिकताना काहीबाही बदलतात, आणि ते बदलावं असंच मला वाटतं. पण दर मे महिन्यात एकेका संगणकावर विंडोज टाकण्यात माझी सुट्टी जाते. एकच नक्कल अठरांना चालेल का?
— संगणक शिक्षिका, जि. सिंधुदुर्ग

उत्तर: बाई, मुलांनी बदलून पाहावं असं म्हणणारी शिक्षिका भेटली याचा मला फार आनंद झाला. त्यासाठीच ही सोय करून ठेवा.

एक संगणक मनासारखा लावा. मग त्याची वैयक्तिक ओळख पुसावी लागते, नाहीतर अठरा संगणक एकाच नावाने आणि एकाच ओळखीने वावरतील. ते काम सिसप्रेप करतं. विंडोज, सिस्टिम३२, सिसप्रेप या फोल्डरमधून ते चालवा, 'जनरलाइझ'वर खूण करा आणि शेवटी 'शटडाउन' निवडा. त्याआधी, ओळख न पुसलेली एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवा. सिसप्रेप फसलं तर तिथून परत सुरुवात करता येते. ते फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे एखाद्या वापरकर्त्याने स्टोअरमधून उतरवलेलं ॲप. सिसप्रेपच्याच फोल्डरमध्ये पँथर नावाचं फोल्डर आहे, त्यातली सेटअपॲक्ट ही फाइल उघडली की अडवणाऱ्या ॲपचं नाव मिळतं. ते काढा आणि पुन्हा चालवा. हे सगळं इंटरनेटची वायर काढून करा, म्हणजे मधेच स्टोअर काही उतरवत बसणार नाही.

बंद झालेला संगणक आता विंडोजमध्ये सुरू होऊ देऊ नका. सरळ पेनड्राइव्हवरून सुरू करून मिरजेच्या दादांना सांगितल्याप्रमाणे नक्कल घ्या, पण ती बाहेरच्या डिस्कवर. फॅट३२ पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तेव्हा ती डिस्क एनटीएफएस असू द्या. मग उरलेल्या प्रत्येक संगणकावर शेवटी एक पार्टिशन पाडून त्यात ही फाइल ठेवा. पुढच्या मे महिन्यात नेटवर्क नको, बाहेरची डिस्क नको, प्रत्येक संगणक आपल्याच पार्टिशनमधून उभा राहील. एकाच वेळी सहा-सहा संगणक लावता येतील.

नक्कल उतरवल्यावर संगणक पहिल्यांदा सुरू होताना भाषा आणि कीबोर्ड विचारतो. तिथे दुसरा कीबोर्ड म्हणून मराठी घ्या, म्हणजे इनस्क्रिप्ट शिकवताना पुन्हा शोधाशोध नको. संगणकांबरोबर आलेलं विंडोज अधिकृत असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, इंटरनेट जोडल्यावर तो आपोआप जुळतो.

अप्लाय आणि बीसीडीबूट या दोन आज्ञा बॅच फाइलमध्ये लिहून त्याच पार्टिशनमध्ये ठेवल्यात तर टाइप करण्याचा वेळ वाचेल. फॉरमॅटची ओळ मात्र तिच्यात घालू नका. ती प्रत्येक संगणकावर 'लिस्ट व्हॉल्यूम' पाहून हातानेच द्या. आणि तुमच्याकडे मे महिन्यात दुपारनंतर वळवाच्या सरी आल्या की वीज जाते, म्हणून हे काम सकाळी सुरू करा आणि यूपीएसवर जेवढे संगणक निभतील तेवढेच एका वेळी लावा.